क्रिकेटच्या आकड्यांवर प्रोग्रॅमिंग शिकताय? या चुका टाळा

प्रोग्रॅमिंग शिकायचं असेल तर ज्या खेळाचं वेड आहे त्याचीच आकडेवारी घ्या, असं मी नवशिक्यांना आवर्जून सांगतो. सरावासाठी मिळणाऱ्या विक्रीच्या फाइलमध्ये सरासरी चुकली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पण ब्रॅडमनची सरासरी ८७.४५ आली, की क्रिकेट बघणारा माणूस जागच्या जागी थबकतो. या सरावात एररपेक्षा जास्त त्रास देतात त्या न बोलता होणाऱ्या चुका. प्रोग्रॅम सुरळीत चालतो, आकडा दिसायलाही ठीक असतो, फक्त तो खोटा असतो.

हे ८७.४५ येतं कुठून, ते आधी बघू. ब्रॅडमनच्या कसोटीतल्या धावा ६९९६, डाव ८०. भागाकार बरोबर आहे, पण भाजक चुकला. तो १० डावांत नाबाद होता आणि फलंदाजीची सरासरी म्हणजे धावा भागिले बाद झाल्याची संख्या. ६९९६ भागिले ७०, म्हणजे सर्वांना पाठ असलेले ९९.९४. पांडाज ही आकड्यांचे तक्ते हाताळणारी पायथनची लायब्ररी. तिच्यातलं सरासरी काढणारं ‘मीन’ जेवढ्या धावसंख्या मोजल्या त्यांच्या संख्येने भागतं. नाबाद हा प्रकार त्याला ठाऊक नाही. त्यामुळे ‘बाद’ नावाचा वेगळा कॉलम करा, त्यात १ किंवा ० ठेवा आणि धावांच्या बेरजेला त्या कॉलमच्या बेरजेने भागा.

याच चुकीचं दुसरं रूप म्हणजे सरासरींची सरासरी. समजा, एखाद्या फलंदाजाने एका वर्षी २० वेळा बाद होऊन १००० धावा केल्या आणि पुढच्या वर्षी २ वेळा बाद होऊन २००. वर्षवार सरासरी ५० आणि १००, त्यांची सरासरी ७५. खरी सरासरी मात्र १२०० भागिले २२, म्हणजे ५४.५५. बेरजा आधी, भागाकार शेवटी.

आता तारांकित आकडे. २०११ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात धोनीच्या ९१ धावा नाबाद होत्या. फाइलमध्ये त्या ‘९१*’ अशा येतात. असा एक जरी तारा कॉलममध्ये असला, तरी पांडाज तो कॉलम मजकूर म्हणून वाचतं. मग उतरत्या क्रमाने लावल्यावर ९९ वर आणि १८३ खाली, कारण मजकुराची तुलना पहिल्या अक्षरापासून होते. फाइल उघडली की सर्वांत आधी ‘डीटाइप्स’, म्हणजे कोणत्या कॉलममध्ये आकडे आणि कोणत्यात मजकूर ते बघायची सवय लावा. धावांच्या कॉलमसमोर ऑब्जेक्ट किंवा स्ट्रिंग दिसलं, तर तिथेच थांबा. बरेच जण तारा थेट पुसून टाकतात आणि त्याबरोबर नाबाद असल्याची माहितीही पुसली जाते. आधी ताऱ्यावरून ‘बाद’ कॉलम भरा, मगच तारा काढा.

फलंदाजीला आलाच नाही अशा जागी रेघ किंवा ‘डीएनबी’ असतं. मजकुराचे आकडे करणाऱ्या ‘टू_न्यूमेरिक’ला ‘कोअर्स’ सांगितलं की तिथे रिकामी किंमत येते. ती रिकामीच राहू द्या, आणि ‘बाद’ कॉलमही तिथे रिकामाच ठेवा. तिथे शून्य भरलं तर न खेळलेला माणूस भोपळ्यावर बाद झाला असा अर्थ होतो.

सर्वांत जास्त गोंधळ षटकांत होतो. ७.४ षटकं म्हणजे ७ षटकं ४ चेंडू, एकूण ४६ चेंडू. ४६ धावा दिल्या असतील तर इकॉनॉमी, म्हणजे दर षटकामागे दिलेल्या धावा, बरोबर ६. पण थेट ७.४ ने भागलं की ६.२२ येतं. बेरीज तर आणखी फसवी: ३.४ आणि ३.४ मिळून ६.८ होत नाहीत, ७.२ होतात. मग नवशिका दशांश भाग वेगळा काढायला जातो, म्हणजे ८.२ मधून ८ वजा, गुणिले १०, आणि वर ‘इंट’. उत्तर २ यायला हवं, येतं १! संगणक ८.२ हा आकडा नेमका साठवू शकत नाही. वजाबाकी आणि गुणाकारानंतर १.९९९९ असं काहीतरी उरतं आणि ‘इंट’ पुढचं सगळं छाटतं. एक चेंडू गायब. म्हणून षटकांचा कॉलम फाइल वाचतानाच मजकूर म्हणून घ्या, टिंबावर ‘स्प्लिट’ करा, डावा भाग गुणिले ६ अधिक उजवा भाग. टिंब नसलेली पूर्ण षटकंही येतात, त्यांची सोय ठेवा. पुढची सगळी गणितं चेंडूंतच करा. षटकं फक्त दाखवताना.

क्रिकशीटसारख्या वेबसाइटवर चेंडूगणिक माहिती मिळते. तिथे एक ओळ म्हणजे एक चेंडू असं धरून ओळी मोजू नका. वाइड फलंदाजाने खेळलेल्या चेंडूंत धरत नाहीत, नोबॉल धरतात. गोलंदाजाच्या षटकात मात्र दोन्ही मोजत नाहीत. धावबाद गोलंदाजाच्या खात्यात जात नाही. बाइज आणि लेगबाइजच्या धावाही त्याच्या नावावर नसतात, म्हणून एकूण धावांचा कॉलम डोळे मिटून जोडला की इकॉनॉमी फुगते.

तारखांची तपासणी सोपी आहे. तो अंतिम सामना २ एप्रिलला झाला, पण ०२/०४/२०११ असं लिहिलेलं पांडाज मुळात ४ फेब्रुवारी समजतं. ‘डेफर्स्ट’ चालू करा, म्हणजे पहिला आकडा दिवस म्हणून वाचला जाईल.

नावांवर ‘ग्रुपबाय’ करण्याआधी, म्हणजे नावांनुसार गट पाडण्याआधी, ‘युनिक’ने वेगवेगळ्या नावांची यादी छापून ती नजरेखालून घाला. आयपीएलच्या आकड्यांत दिल्ली डेअरडेव्हिल्स आणि दिल्ली कॅपिटल्स, किंग्ज इलेव्हन पंजाब आणि पंजाब किंग्ज हे वेगवेगळे संघ म्हणून मोजले जातात. जुनं नाव आणि नवं नाव अशी एक डिक्शनरी करा आणि ‘रिप्लेस’ला द्या. खेळाडूंच्या बाबतीत नावाऐवजी ओळखक्रमांक असेल तर तोच वापरा. एकाच नावाचे दोन खेळाडू असतात आणि एकाच खेळाडूचं नाव दोन फाइलींत दोन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं.