खासदारांचे रिसर्च असिस्टंट होताय? टिपणातल्या या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागेतल्या एका अभ्यासिकेत बसणारी मुलगी मागच्या महिन्यात माझ्याकडे सरावाचं टिपण घेऊन आली. दिल्लीला जाऊन खासदारांच्या हाताखाली संशोधन सहायक व्हायचं तिच्या मनात आहे, आणि मी ते काम काही वर्षं केलंय हे तिला कुणीतरी सांगितलेलं. विषय सांगलीचा पूर. टिपण सात पानांचं. पहिलं वाक्य: ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे.’

मी म्हटलं, “हे खासदारांना माहीत आहे. पुढं?”

“दादा, प्रस्तावना नको का?”

नको. ही पहिली चूक, आणि ती जवळजवळ सगळे करतात, कारण दहावीपासून निबंधाला प्रस्तावना लावायची सवय लागलेली असते. अधिवेशन सुरू असताना तुमचं टिपण वाचलं जातं ते गाडीत, लॉबीत, नाहीतर समोर मंत्री उत्तराला उभे असताना. तिथं पान उलटायलाही वेळ नसतो. एक पान, वरच्या तीन ओळींत मुद्दा, त्याखाली आकडे, प्रत्येक आकड्यासमोर तो कुठून घेतला ते. बाकीची सहा पानं फाइलला मागं लावा. विचारलं तर काढून देता येतात.

जिल्हा आणि मतदारसंघ

त्याच टिपणात पुढं होतं: ‘सांगली मतदारसंघातील शिराळा, वाळवा, पलूस व मिरज तालुक्यांना पुराचा फटका बसतो.’ पूर चारही तालुक्यांत येतो, खरं आहे. पण शिराळा आणि वाळवा तालुक्यातला इस्लामपूर हे विधानसभेचे मतदारसंघ लोकसभेला हातकणंगल्यात मोडतात. सांगली लोकसभेत मिरज, सांगली, पलूस-कडेगाव, खानापूर, तासगाव-कवठेमहांकाळ आणि जत एवढेच सहा. साताऱ्यातही तीच गोम. फलटण आणि माण जिल्ह्यात आहेत, पण मतदान माढ्याला करतात.

सरकारी आकडे येतात जिल्ह्याचे आणि खासदार बोलतात मतदारसंघाबद्दल. जिल्ह्याची बेरीज उचलून मतदारसंघाच्या नावावर टाकली की शेजारच्या बाकावरचे खासदार हसतात, कारण त्यातली अर्धी गावं त्यांची असतात. स्थानिक विकास निधीचं टिपण असेल तर हसण्यावर भागत नाही. वर्षाला ५ कोटींची जी कामं लोकसभेचे खासदार सुचवतात, ती मुळात आपल्या मतदारसंघातली असावी लागतात. आणि शब्द ‘सुचवतात’ असाच लिहा. मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे असते. ‘साहेबांनी मंजूर केलेलं काम’ हे गावातल्या फलकावर शोभतं, टिपणात नाही.

लोकसंख्येचाही आकडा जपून. सांगली जिल्हा २८,२२,१४३ आणि सातारा ३०,०३,७४१ हे २०११ च्या जनगणनेचे आकडे. ते वापरायला हरकत नाही, पण ‘आहे’ लिहू नका. ‘२०११ साली होती’ लिहा.

प्रश्न चुकीच्या दारात

तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न काढून देणं हे या कामातलं रोजचं दळण. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात, तेही सोडतीनं. प्रश्नाची सूचना किमान पूर्ण १५ दिवस आधी द्यावी लागते. म्हणजे परवा आलेल्या पुरावर उद्या तारांकित प्रश्न विचारता येत नाही. त्यासाठी शून्य प्रहर (तातडीचे विषय मांडायची वेळ) किंवा इतर विषय मांडायचा लोकसभेचा नियम ३७७ बघायचा. नवखी मुलं पेपरात बातमी आली की प्रश्न लिहायला बसतात आणि दुपार वाया घालवतात.

त्याहून मोठा घोळ मंत्रालयाचा. उसाचा विषय आहे, मग कृषी मंत्रालयाला विचारा, असं आपल्याकडचा कुणीही म्हणेल. साखर आहे अन्न व सार्वजनिक वितरण विभागाकडे, म्हणजे ग्राहक व्यवहार मंत्रालयात. एफआरपीची, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायच्या किमान दराची, शिफारस करणारा कृषी मूल्य आयोग मात्र कृषी मंत्रालयाचा. कारखाना सहकारी असेल आणि प्रश्न सहकार म्हणून असेल, तर २०२१ साली वेगळं झालेलं सहकार मंत्रालय. हळदीचं तर आणखी भलतीकडे: हळद मसाल्यात धरली जाते आणि मसाले मंडळ वाणिज्य मंत्रालयाखाली येतं. मार्केट यार्डात जी हळद शेतमाल असते ती दिल्लीत गेल्यावर निर्यातीचा जिन्नस होते. मंत्रालयांचे गट पाडून प्रत्येक गटाला आठवड्याचा एक वार दिलेला असतो. दार चुकलं की प्रश्न या दारातून त्या दारात जातो, आणि तुम्ही धरून ठेवलेला वार हातचा जातो.

आणखी एक. प्रश्नात भाषण घालू नका. ‘शेतकऱ्यांची पिळवणूक होत असताना सरकार झोपले आहे काय’ हे सभेत टाळ्या घेतं, प्रश्न शाखेत नाकारलं जातं. प्रश्न १५० शब्दांत बसला पाहिजे, त्यात टोमणा, अनुमान, मत विचारणं चालत नाही. न्यायालयात असलेल्या बाबीवरही प्रश्न घेतला जात नाही. कृष्णेच्या पाण्यावर लिहिणाऱ्या आपल्या भागातल्या मुलांनी हे भिंतीवर लावून ठेवावं. दुसऱ्या कृष्णा लवादाचा निवाडा २०१० ला आला, पुढचा अहवाल २०१३ ला, पण सर्वोच्च न्यायालयानं २०११ सालीच निवाडा राजपत्रात प्रसिद्ध करायला मनाई केलेली. कर्नाटकातल्या धरणाबद्दल ‘अलमट्टीची उंची का वाढवता’ असा सरळ प्रश्न तिथं आपटतो. पूर-इशाऱ्याची यंत्रणा, दोन राज्यांत माहितीची देवाणघेवाण, धरणाच्या फुगवट्याचा अभ्यास, अशा वाटेनं गेलात तर काही हाताला लागतं.

वर्ष कुठलं, पायरी कुठली

इथं मी स्वतः आपटलोय, म्हणून सविस्तर सांगतो.

२०२२ च्या हिवाळी अधिवेशनाआधी मी एफआरपीवर टिपण केलं. २०२१-२२ ला क्विंटलला २९० रुपये, २०२२-२३ ला ३०५. वजाबाकी केली आणि लिहिलं: ‘क्विंटलला १५ रुपये, म्हणजे टनाला १५० रुपये वाढ.’ दोन्ही आकडे सरकारी निवेदनातले, वजाबाकी बरोबर. रात्री सहज म्हणून घरी फोन केला. आमचे चुलते तासगाव तालुक्यात ऊस लावतात. त्यांना कौतुकानं वाचून दाखवलं.

आण्णा म्हणाले, “दीडशे कुठले रं? पायरी वर सरकवलीया की.”

झालं. २९० हा दर १० टक्के रिकव्हरीला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या उताऱ्याला) होता आणि ३०५ हा १०.२५ टक्क्यांना. जुन्या हिशेबात १० च्या वर दर ०.१ टक्क्याला २ रुपये ९० पैसे वाढीव मिळायचे. म्हणजे १०.२५ रिकव्हरीचा ऊस आदल्या वर्षीही २९७ रुपये २५ पैसे घेत होताच. खरी वाढ ७ रुपये ७५ पैसे. टनाला दीडशे नाही, साडेसत्त्याहत्तर. माझ्या टिपणावर खासदार बोलले असते तर सरकारच्या वतीनं सरकारचंच कौतुक करून खाली बसले असते, आणि मतदारसंघातल्या कुठल्याही गव्हाणीजवळ उभ्या शेतकऱ्यानं त्यांची चूक काढली असती. हीच पायरी २०१८-१९ ला ९.५ वरून १० केली होती. म्हणजे एफआरपीचे आकडे सलग तक्त्यात मांडायचे असतील तर शेजारी रिकव्हरीचा रकाना हवाच. २०२५-२६ चे ३५५ रुपये लिहिताना त्याखाली १०.२५ लिहिलं नाही तर तो आकडा निम्माच आहे.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. टिपण द्यायच्या आधी ते ज्याच्या पोटाशी संबंधित आहे अशा एका माणसाला वाचून दाखवायचं. ऊस असेल तर ऊसवाला, बेदाणा असेल तर शेडवाला. गोपनीय कागद अर्थातच नाही. पण उघड आकड्यांसाठी यापेक्षा स्वस्त तपासणी मला माहीत नाही.

वर्षाचा घोळही याच जातीचा. अर्थसंकल्पाचं वर्ष एप्रिल ते मार्च, साखर हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर, पिकांचं वर्ष जुलै ते जून. तिन्ही ‘२०२४-२५’ असेच लिहिले जातात. साखर उत्पादन एका वर्षाचं आणि अनुदान दुसऱ्या वर्षाचं घेऊन भागाकार करणारे पदवीधर मी पाहिलेत. अर्थसंकल्पात शिवाय तीन रकाने असतात: अंदाजपत्रकी, सुधारित आणि प्रत्यक्ष. प्रत्यक्ष खर्चाचा आकडा दोन वर्षांमागचा असतो. ‘योजनेला इतके कोटी दिले’ असं लिहिताना ते ठेवले होते, कापले होते की खरंच खर्च झाले, हे एका शब्दात तरी सांगा. सगळ्यात चांगले पुरवणी प्रश्न मला या तीन रकान्यांच्या फटीत सापडले.

फूट, मीटर, क्युसेक, टीएमसी

मुलीच्या टिपणात ‘अलमट्टीतून दीड लाख टीएमसी विसर्ग’ असं होतं. तिला क्युसेक म्हणायचं होतं. टीएमसी (अब्ज घनफूट) हा साठा, क्युसेक (सेकंदाला घनफूट) हा वेग. कोयना पूर्ण भरली तर १०५.२५ टीएमसी, यावरून अंदाज घ्या. साधारण साडेअकरा हजार क्युसेक विसर्ग चोवीस तास चालला की एक टीएमसी पाणी जातं, एवढा एक हिशेब पाठ असला तर अशी चूक आपोआप डोळ्याला खुपते. तसंच सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरची ४५ फुटांची धोका पातळी ही तिथल्या मोजपट्टीवरची आहे, आणि अलमट्टीची ५१९.६० मीटर ही समुद्रसपाटीपासूनची. दोन्ही एका वाक्यात शेजारी ठेवून तुलना करू नका. टीव्हीवर करतात, करू देत.

जुने कागद शोधताना

संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात पहिल्या लोकसभेपासूनचे वादविवाद आहेत. तिथं ‘सांगली’ टाकून जुनं काही सापडलं नाही म्हणजे कुणी बोललंच नाही, असा निष्कर्ष काढू नका. १९४९ ला साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले आणि दक्षिण साताऱ्याचं नाव १९६० साली सांगली झालं. क्रांतिसिंह नाना पाटील १९५७ ला लोकसभेवर गेले तेव्हा त्यांचं येडेमच्छिंद्र कागदोपत्री दक्षिण साताऱ्यात होतं. शोधायचं तर ‘साउथ सातारा’, तेही इंग्रजी स्पेलिंगचे दोन-तीन प्रकार करून.

आणि उत्तरात ‘माहिती गोळा केली जात असून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ असं दिसलं तर तिथं थांबू नका. ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. खरं उत्तर पुष्कळदा तिथं नंतर आलेलं असतं आणि कुणी वाचलेलं नसतं. एवढं करूनही सापडलं नाही, तर संसद ग्रंथालयाची संदर्भ सेवा आहे. मागणी खासदारांच्या नावानं जाते. नवी पोरं संकोचानं तिकडे फिरकत नाहीत आणि चार रात्री गूगलवर घालवतात.

इथं चुकलात तर मात्र संपलं

आतापर्यंतच्या चुका निस्तरता येतात. दोन येत नाहीत.

स्थायी समितीचे कागद, साक्षी, अहवालाचा मसुदा हे सगळं अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत गोपनीय असतं. ‘फक्त मित्राला’ म्हणून व्हॉट्सॲपवर टाकलेलं एक पान संध्याकाळी बातमी होतं, आणि हक्कभंगाला उत्तर तुम्हाला नाही, खासदारांना द्यावं लागतं.

दुसरं, लॉगिन. प्रश्नांच्या पोर्टलचा पासवर्ड आणि ओटीपी सदस्याचे. ‘अरे, तूच टाकून टाक’ असं कितीही प्रेमानं सांगितलं तरी नम्रपणे नाही म्हणा. ८ डिसेंबर २०२३ ला लोकसभेतल्या एका सदस्याला लॉगिन दुसऱ्याला दिल्याच्या प्रकरणात सदस्यत्व गमवावं लागलं. तुम्ही मसुदा तयार करून द्या, बटण त्यांनी दाबावं. कुणी बाहेरचा ‘हा प्रश्न तेवढा लावा’ म्हणून जेवायला बोलावत असेल तर २००५ चं पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचं प्रकरण आठवा. अकरा खासदार घरी गेले होते.

चूक उशिरा कळली तर

आण्णांचा फोन झाला तेव्हा रात्रीचे साडेदहा. टिपण खासदारांच्या स्वीय सहायकांकडे पोचलेलं. सकाळी बघू, असा विचार दोनदा मनात आला. मग फोन केला, म्हटलं, एक आकडा चुकलाय, पान बदलायचंय. ओरडा खाल्ला. सकाळी नवं पान हातात दिलं, आणि जुनं मागून घेऊन फाडलं, कारण दोन्ही पानं फाइलीत राहिली की चुकीचंच वर येतं.

सभागृहात बोलून झाल्यावर कळलं तर मार्ग फार अरुंद आहे. भाषणाची असंशोधित प्रत सदस्याकडे तपासायला येते, पण त्यात ऐकण्या-लिहिण्यातल्या किरकोळ दुरुस्त्याच करता येतात. दीडशेचे साडेसत्त्याहत्तर तिथं करता येत नाहीत. अशा वेळी खासदारांना लगेच, एकटं गाठून सांगा, बरोबर आकडा आणि त्याचा कागद हातात ठेवून. खुलासा कधी आणि कसा करायचा ते ते ठरवतील.

ती मुलगी परवा पुन्हा आली होती. टिपण आता एका पानाचं झालंय. कृषिप्रधान देश गेला, शिराळा हातकणंगल्यात गेला. विसर्गापुढे तिनं अजून एकक लिहिलेलं नव्हतं, ते पेन्सिलनं गोल करून परत दिलं.