रस्टमधे अ‍ॅटॉमिक कसे वापरायचे, मंडईच्या पार्किंगवरून समजून घेऊ

समजा मंडईजवळच्या पार्किंगसाठी रस्टमधे प्रोग्राम लिहायचाय. तीन गेट, प्रत्येक गेटचा वेगळा थ्रेड (बाकीच्यांबरोबर एकाच वेळी चालणारं काम), आणि शिल्लक जागांचा आकडा सगळ्यांत मिळून एकच. साधा यू३२ (३२ बिटचा, शून्याखाली न जाणारा पूर्णांक) घेऊन सगळ्या थ्रेडमधून एक वजा करायला गेलात तर कंपायलरच अडवतो आणि बरोबरच अडवतो, कारण एक वजा करणं म्हणजे आत तीन कामं असतात, वाचा, वजा करा, परत लिहा, आणि मधेच दुसरा थ्रेड घुसला की एक गाडी हिशोबातून गायब.

म्हणून अ‍ॅटॉमिकयू३२ घ्या, तो ही तिन्ही कामं एका झटक्यात करतो, मधे कोणी घुसू शकत नाही. सरळ स्टॅटिक (सगळ्या प्रोग्रामला मिळून एकच) करा, म्यूट (बदलायची परवानगी) लावायची गरजच नाही. स्टॅटिक नको असेल तर आर्कमधे (एकच गोष्ट अनेक थ्रेडना वाटून देणारा पॉइंटर) टाकून थ्रेडना द्या.

गाडी बाहेर गेली की फेच_अ‍ॅड करून एक वाढवा, विषय संपला.

आत घेताना मात्र नीट बघा. बरेच जण आधी लोड करतात (आकडा वाचतात), शून्यापेक्षा जास्त आहे का बघतात आणि मग फेच_सब मारतात (एक वजा करतात). दोन्ही कामं सुटी सुटी अ‍ॅटॉमिक आहेत पण त्यांची जोडी नाही ना! गणपतीत शेवटची एक जागा उरलीये, दोन गेटवर एकदम गाड्या आल्या, दोघांनाही १ दिसला, दोघांनीही वजा केला, आणि आकडा शून्याखाली न जाता फिरून होतो ४२९४९६७२९५. पॅनिक (चूक सांगून थांबणं) नाही, काही नाही, डीबग बिल्डमधे पण नाही, बोर्डावर आपलं पार्किंग रिकामं. इथे फेच_अपडेट वापरा आणि क्लोजरमधे (त्याला द्यायच्या छोट्या फंक्शनमधे) चेक्ड_सब(१) द्या, तो शून्याखाली वजा करत नाही, जागा नसेल तर एरर मिळते, गाडीला नाही म्हणा. फक्त पावती छापायचं काम त्या क्लोजरमधे ठेवू नका, मधे दुसऱ्याने आकडा बदलला तर तो क्लोजर परत चालतो.

आता ऑर्डरिंग, म्हणजे एका थ्रेडने केलेले बदल बाकीच्यांना कोणत्या क्रमाने दिसावेत ते. नुसती मोजणी असेल तर रिलॅक्स्ड (सगळ्यात सैल) पुरतं, खरंच पुरतं. पण एका थ्रेडने दुचाकी-चारचाकीचे दर भरले (तेही अ‍ॅटॉमिकच) आणि मग "तयार" हा अ‍ॅटॉमिकबूल ट्रू केला, तर तो स्टोअर (लिहिणं) रिलीजने आणि बाकीच्यांचा लोड अ‍ॅक्वायरने हवा, नाहीतर "तयार"चा झेंडा ट्रू दिसेल आणि दर जुनेच. इंटेलच्या लॅपटॉपवर ही चूक बहुतेक वेळा लपून राहते, एआरएम प्रोसेसरवर बाहेर येऊ शकते, त्यामुळे माझ्याकडे तर चालतंय यावर विसंबू नका, टेस्ट मिरीखाली (रस्टमधल्या अशा चुका शोधणारं साधन) पण चालवा. आणि सगळीकडे सेकसीएसटी (SeqCst, सगळ्यात कडक ऑर्डरिंग) लावून वरचा लोड-मग-वजावाला घोळ सुटत नाही हे लक्षात असू द्या.

शिल्लक आकडा आणि गाड्यांच्या नंबरांची यादी दोन्ही कायम जुळायलाच हवं असेल तर अ‍ॅटॉमिकच्या नादी लागू नका, दोन्ही एकाच म्यूटेक्समधे (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) ठेवा.