साल कुणाचं? आधी हे ठरवा

इतिहासात एम.ए. केलं ते मराठीतून. त्यानंतर एका प्रदर्शनासाठी इंग्रजी माहितीफलक लिहायचं काम मिळालं. पहिला फलक पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा. मी लिहिलं, 'धिस बिल्डिंग इज डेटेड बॅक सिन्स 1821.' संपादकबाईंनी अख्खं वाक्य खोडलं आणि समोर बसवून घेतलं.

व्याकरण पाच मिनिटांत कळलं. 'इज' आपल्या 'आहे'मधून शिरतो, 'सिन्स' आपल्या 'पासून'मधून. इंग्रजीत वास्तू उभी असेल तर साधा वर्तमानकाळ: 'डेट्स बॅक टू', म्हणजे 'अमुक काळातली आहे'. शनिवारवाड्याची तटबंदी आजही आहे, म्हणून 'द वॉल्स डेट बॅक टू द एटीन्थ सेंचुरी'. आतला वाडा 1828 च्या आगीत गेला, त्याच्यासाठी 'डेटेड बॅक टू'. सालाऐवजी वर्षांची संख्या द्यायची तर 'टू' गळतो: 'डेट्स बॅक ओव्हर 150 इयर्स'. पुढे 'अगो' लावायचा नाही. हे कळूनही मी तो कितीतरी दिवस लावत होते.

खरी चूक मात्र व्याकरणाची नव्हतीच. बाईंनी विचारलं, "1821 साल कुणाचं? इमारतीचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 1821 साली पेशव्यांच्या दक्षिणा फंडातून, म्हणजे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्यासाठीच्या निधीतून, हिंदू कॉलेज सुरू झालं ते विश्रामबागवाड्यात; त्याचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. येरवड्याच्या दगडी इमारतीची पायाभरणी 1864 ची, आणि कॉलेज तिथे गेलं 1868 मध्ये. 1934 ला ते बंद पडलं. 1939 मध्ये पुन्हा उघडलं ते संशोधन संस्था म्हणून. मराठीत 'डेक्कन कॉलेज 1821 चं' म्हटलं की चालून जातं, कारण 'चं' सगळं पोटात घेतो. इंग्रजी वाक्य कर्ता मागतं, आणि कर्ता चुकला की इतिहासच चुकतो. फलक वाचणारा परदेशी पाहुणा समोरची भिंत 1821 ची समजून गेला असता, याचं मला आजही वाईट वाटतं.

संस्थेची नावं, जागा, रूपं बदलत आली असतील तर 'ट्रेसेस इट्स ओरिजिन्स टू' जास्त प्रामाणिक. मूळ तिथे आहे, पण आजचं रूप तेव्हाचं नाही, हे त्यात येतं.

नव्याने या कामात येणाऱ्यांना मी आता कच्च्या कागदावर आधी साल आणि त्यासमोर कर्ता लिहायला लावते. इंग्रजी त्यानंतर. त्या फलकावर शेवटी गेलं ते असं: 'द कॉलेज ट्रेसेस इट्स ओरिजिन्स टू 1821; इट्स येरवडा बिल्डिंग डेट्स फ्रॉम द 1860ज.'