जर्मनीला निघताय? आधी स्वतःचं नाव तपासा

जर्मनीत शिकायला निघाला असाल तर एपीएस (आपले शैक्षणिक कागद तपासून मिळणारं प्रमाणपत्र), ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), भाषेची परीक्षा हे एव्हाना तुम्हाला पाठ असेल. एवढंच सांगतो, बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेल्या ओळखीच्या दादाच्या कागदपत्रांच्या यादीवर विसंबू नका. एपीएस सक्तीचं झालं नोव्हेंबर २०२२ पासून आणि ब्लॉक्ड अकाउंटचे ११,९०४ युरो झाले सप्टेंबर २०२४ पासून. दादाची माया खरी, पण यादी जुनी.

खरा घोळ होतो तो नावात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं: पाटील सागर आनंदा. पासपोर्टवर मात्र दोन ओळी असतात, आडनावाच्या ओळीत पाटील आणि नावाच्या ओळीत सागर आनंदा. गुणपत्रिका समोर ठेवून विद्यापीठाचा फॉर्म भरला की नावाच्या रकान्यात पाटील जातं आणि आडनावाच्या रकान्यात वडील. तेच प्रवेशपत्रावर येतं, त्यावरून विमा निघतो, आणि व्हिसाच्या फाइलीत एकही कागद पासपोर्टशी जुळत नाही. म्हणून पासपोर्ट समोर ठेवा, त्यावरचं अक्षर न् अक्षर उतरवा, आणि फॉर्म स्वतः भरा. ‘आम्ही भरतो, तुम्ही निवांत राहा’ म्हणणाऱ्या एजंटाच्या हातात हे काम अजिबात देऊ नका.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या ‘राव’ची. एका कागदावर आनंदा, दुसऱ्यावर आनंदराव. आधार, पासपोर्ट, पदवी, दहावी हे चारही कागद टेबलावर शेजारीशेजारी मांडून स्पेलिंग ताडून बघा. दहावीचं नाव बदलायचं तर शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जावं लागतं, त्यात फार वेळ जातो. दहावीचा कागद बरोबर असेल तर तो पाया धरा आणि बाकीचे त्याला जुळवा. पासपोर्ट नव्याने काढावा लागला तरी चालेल, फक्त अर्ज पाठवायच्या आधी काढा.

चूक आधीच झाली असेल तर घाबरू नका. पासपोर्टची प्रत जोडून विद्यापीठाला साधा मेल करा, प्रवेशपत्र दुरुस्त होऊन मिळतं. लपवून पुढे गेलात तर मात्र प्रत्येक टेबलावर तीच अडचण उभी राहील.

तिथे पोचल्यावर नावाचं महत्त्व आणखी वाढतं. इमारतीत फ्लॅटला बहुधा नंबर नसतो, पोस्टमन टपालपेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते. त्यानंतर कर-क्रमांक पोस्टाने येतो, बँकेचं कार्ड आणि पिनही बहुधा पोस्टानेच. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं आणि तुम्ही वाट बघत बसता. किल्ली हातात आली त्याच दिवशी पेटीवर आणि बेलवर नाव लावा. मित्राकडे उतरला असाल तर पत्त्यात ‘c/o’ (म्हणजे द्वारा) लिहून पेटीवरचं त्याचं आडनाव घाला. आणि एकाच खोलीवर दोन पाटील असाल तर नुसतं पाटील नको, एस. पाटील आणि व्ही. पाटील असं वेगवेगळं लिहा.