मुलांच्या हातची छोटी गुढी : पाडव्याआधीची तयारी

चैत्र शुद्ध प्रतिपदेला मोठ्यांनी गुढी उभारायची आणि मुलांनी बाजूला उभे राहून पाहायचे, यापेक्षा चार ते सात वर्षांच्या मुलांना स्वतःची हातभर उंचीची गुढी करू द्यावी. त्यासाठी मोठ्यांनी निदान चार दिवस आधी तयारीला लागावे, कारण गाठी वाळायला वेळ लागतो.

साखरेची गाठी मुलांच्या हाताळण्यात मोडते आणि तिला मुंग्या लागतात, म्हणून या गुढीसाठी ती मैद्याची करावी. एक वाटी मैद्यात अर्धी वाटी बारीक मीठ मिसळून, बेताबेताने पाणी घालत पुरीच्या कणकेसारखा घट्ट गोळा मळावा. मुलांनी सुपारीएवढ्या गोळ्या वळून तळहाताने चपट्या कराव्यात आणि ओल्या असतानाच प्रत्येकीला उदबत्तीच्या काडीने कडेजवळ भोक पाडावे; वाळल्यावर भोक पाडू गेल्यास त्या तडकतात. दोन-तीन दिवस कडक उन्हात, रोज उलटून ठेवल्या की त्या दोऱ्यात ओवण्याजोग्या होतात. त्या खाण्यासाठी नाहीत, हे मुलांना आधीच नीट सांगावे.

काठीसाठी वर्तमानपत्र तिरके गुंडाळून घट्ट सुरळी करावी. तिला टोक नसल्यामुळे ती डोळ्याला लागण्याची भीती राहत नाही. तांब्याच्या जागी चहाचा कागदी कप सोनेरी कागद चिकटवून घ्यावा. शिंप्याकडे ब्लाउजपिसांचे तुकडे उरलेले असतात. त्यांतला काठ असलेला खणाचा तुकडा मिळाला तर उत्तमच. तो मोठ्यांनी कापून द्यावा, मात्र निऱ्या मुलांनाच घालू द्याव्यात, मग त्या वाकड्या आल्या तरी चालतील.

झेंडू ओवण्यासाठी सुई देऊ नये. लोकरीच्या धाग्याच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून ते ताठ करावे आणि फुलांना मोठ्यांनी आधी भोके पाडून ठेवावीत.

कडुलिंबाची आणि आंब्याची पाने कागदाची करू नयेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. चैत्रातल्या कोवळ्या पालवीचा स्पर्श आणि वास मुलांना मिळायलाच हवा. डहाळ्या पाडव्याच्या सकाळीच आणून ओल्या फडक्यात गुंडाळाव्यात. बांधताना आधी वस्त्र, मग डहाळ्या, माळ आणि गाठी असा क्रम ठेवून शेवटी कप उपडा घालावा, आणि तो डगमगत असल्यास आत कागदाचा बोळा कोंबावा. गुढी रोवण्याच्या डब्यात वाळू दाबून भरावी, म्हणजे वाऱ्याने ती कलंडणार नाही.