लायपोची डबी करायला बसण्याआधी

रिमोटच्या गाडीतल्या सॉफ्ट पॅक, म्हणजे कडक कवच नसलेल्या लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीला घरी संरक्षक डबी करायची, तर करवत हातात घेण्याआधी बॅटरीच नीट बघून घ्या. चांगल्या उजेडात ठेवा आणि दोन्ही रुंद बाजूंवर सरळ पट्टी टेकवा. पट्टी मधे डुलली, कोपरा चेपलेला दिसला किंवा गोडसर वास आला, तर तिच्यासाठी डबी करायचीच नाही. आत वायू झालेला असतो, मार बसलेला असतो किंवा ती गळत असते. ती बॅटरी बाद करा. चांगली निघाली, तर चार्जरवर स्टोरेजला आणा, म्हणजे प्रत्येक सेल 3.8 व्होल्टच्या आसपास. 4.2 व्होल्टपर्यंत भरलेली बॅटरी शेजारी ठेवून कापाकापी नको. कनेक्टरला टोपी घाला आणि बॅटरी दुसऱ्या टेबलावर ठेवून द्या. पुढचं बहुतेक काम तिच्याविनाच होतं.

मापं व्हर्निअरने घ्या, जाडी वायरी निघतात त्या टोकाशी सुद्धा. मग गाडीत बॅटरी बसते तो खाचा मोजा. समजा त्याची उंची 25 मिलिमीटर आहे. 2 मिलिमीटरचा प्लॅस्टिकचा पत्रा वर-खाली मिळून 4 खातो, फुगवट्यासाठी 2 मोकळे सोडायचे, म्हणजे बॅटरीला 19 उरतात. हे मोकळे 2 मिलिमीटर कुणी कितीही मोह दाखवला तरी कमी करू नका. माझ्या एका घट्ट डबीत बॅटरी फुगत गेली आणि बाहेरून काहीच कळलं नाही. काढायला गेलो तर अडकलेली, आणि मी वायरी धरून ओढली. बॅलन्सची, म्हणजे चार्जरला प्रत्येक सेल वेगळा दाखवणारी, एक बारीक वायर मुळाशी सुटली. नशिबाने ती कशाला टेकली नाही. तेव्हापासून बॅटरी डबीतून दिसली पाहिजे आणि न ओढता निघाली पाहिजे, एवढं जमल्याशिवाय मी डबी गाडीत घालत नाही. तळाशी एक फीत आडवी घालून तिचं टोक बाहेर ठेवा, ती उचलली की बॅटरी वर येते.

म्हणूनच मी पारदर्शक पॉलिकार्बोनेट घेतो. ॲक्रिलिक दिसायला तसंच, पण आपटलं की तडकतं. कार्बन फायबर वीज वाहतं, ते या कामाला नाही. थ्रीडी प्रिंटरवर करणार असाल तर पीएलए हे प्लॅस्टिक टाळा, साधारण 60 अंशांना ते मऊ पडतं. पीव्हीसीचा पाइप तापवून चपटा करायचा असेल, तर बॅटरीच्या मापापेक्षा मोकळा लाकडी ठोकळा आधी तयार ठेवा आणि पाइप त्याच्यावरच बसवा. बॅटरीभोवती हीट गन कधीच चालवायची नाही.

कानस आणि पॉलिश पेपर जवळ असू द्या, कारण सगळ्यात जास्त वेळ वायरींच्या खाचेवर जातो. कडा हाताला गुळगुळीत लागली तरी थांबू नका. कापसाचा बोळा तिच्यावरून फिरवा. एक जरी तंतू अडकला तर अजून घासा. गाडी थरथरते तेव्हा ती कड वायरीचं सिलिकॉन हळूहळू खात असते. आतल्या बाजूला स्क्रूचं टोक येता कामा नये. झाकणाला वेल्क्रोचा पट्टा पुरतो. पातळ फोम दोन्ही टोकांना लावा, धडकेत बॅटरी तिकडेच धावते. रुंद बाजू मोकळ्या ठेवा, नाहीतर उष्णता कोंडते.

झाली डबी की आधी बॅटरीऐवजी लाकडी ठोकळा आत घालून कमरेच्या उंचीवरून दोन-चारदा टाका. सांधा उघडला तर ठोकळ्यावरच भागलं.

ही डबी फक्त मार झेलते, आगीला अडवत नाही. त्यामुळे चार्जिंगला बॅटरी बाहेर काढून, न जळणाऱ्या जागी, तुम्ही समोर असताना. पहिल्या फेरीला गाडी पाचच मिनिटं चालवा, झाकण उघडा, हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर डबीला वाऱ्यासाठी भोकं वाढवायची आहेत.