प्रेम आणि संसारसुख शोधत गाथासप्तशती कशी वाचावी

प्रेमाचे साहित्य म्हटले की दीर्घ विरह, घरच्यांचा विरोध, त्याग आणि शेवटी मरण अशा मोठ्या घटना डोळ्यांपुढे येतात. चुलीपाशी, पाणपोईवर किंवा रुसव्याच्या रात्री जे प्रेम दिसते, त्यावर कोणी ग्रंथ रचला असेल असे सहसा वाटत नाही. महाराष्ट्री प्राकृत या जुन्या भाषेतील गाथासप्तशतीत, म्हणजे सातशे गाथांच्या (छोट्या कवितांच्या) संग्रहात, मात्र मुख्यतः तेच आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावाने हा संग्रह ओळखला जातो. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण, आणि गाथांमधली ‘गोला’ नदी म्हणजे आपली गोदावरी. संग्रहाचा आरंभ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या आसपास मानतात, आणि पुढची काही शतके त्यात भर पडत गेली असावी, असे अभ्यासक सांगतात. या गाथा नवरा-बायकोने, सासू-सुनेने किंवा चार मित्रांनी मिळून कशा वाचाव्यात, याविषयी येथे लिहिले आहे.

मराठी वाचकाने १९५६ साली प्रसिद्ध झालेली स. आ. जोगळेकर यांची आवृत्ती मिळवावी. जुन्या ग्रंथालयांत ती सापडण्याची शक्यता अधिक. तिची प्रस्तावना विस्तृत आणि मोलाची आहे. तरीही ती आधी वाचू नये, असे माझे मत आहे. प्रस्तावना वाचून गाथेकडे गेलेला माणूस गाथेत इतिहास शोधू लागतो, आणि समोरची बाई काय बोलते आहे याकडे त्याचे लक्ष राहत नाही. संग्रहाची सात शतके, म्हणजे शंभर-शंभर गाथांचे सात भाग, असून प्रत्येक गाथा दोन ओळींची व स्वयंपूर्ण आहे. त्यामुळे पान कोठेही उघडले तरी चालते. एका बैठकीला दोन किंवा तीन गाथा पुरेत. वीस गाथा एकदम वाचल्यास सगळ्या सारख्याच वाटू लागतात.

प्रथम मूळ गाथा मोठ्याने वाचावी, अर्थ कळला नाही तरी हरकत नाही. गाथेचा पूर्वार्ध ३० मात्रांचा आणि उत्तरार्ध २७ मात्रांचा असतो. उत्तरार्ध थोडा आखूड असल्यामुळे शेवटचा शब्द चटकन येऊन पडतो, आणि पुष्कळदा गाथेची सारी गंमत त्याच शब्दात असते. उदाहरणार्थ, पहिल्या शतकातील ही गाथा पाहा:

पणअकुविआण दोण्ह वि अलिअपसुत्ताण माणइल्लाण ।
णिच्चलणिरुद्धणीसासदिण्णकण्णाण को मल्लो ॥

दोघेही प्रेमातल्या प्रेमात रुसली आहेत, दोघेही मानी आहेत आणि दोघांनीही झोपेचे सोंग घेतले आहे. श्वास रोखून, जराही न हलता दोघे एकमेकांकडे कान लावून पडली आहेत, तर आता यातला मल्ल कोण? कुस्तीच्या आखाड्यातला ‘मल्ल’ हा शब्द अगदी अखेरीस येतो. भांडण कशावरून झाले, हे कवी सांगत नाही. ज्यांचा संसार काही वर्षांचा झाला आहे, त्यांना ते सांगावेही लागत नाही.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. अर्थ समजल्यावर लगेच ‘वा, किती सुंदर’ असे म्हणू नये. चार गोष्टी विचाराव्यात: बोलते कोण आहे, ते कोणाला उद्देशून आहे, आणखी कोणाच्या कानावर ते पडते आहे, आणि काय मुद्दाम सांगायचे टाळले आहे. इसवी सनाच्या नवव्या शतकात आनंदवर्धन या संस्कृत काव्यशास्त्रकाराने ध्वनीचा, म्हणजे शब्दांतून न सांगता सुचवलेल्या अर्थाचा, सिद्धान्त मांडताना याच संग्रहातील गाथा उदाहरणादाखल घेतल्या, त्या चौथ्या प्रश्नामुळेच. ‘बाबा, आता निर्धास्त हिंड, ते कुत्रे गोदाकाठच्या झाडीतल्या माजलेल्या सिंहाने आज मारले,’ असे एक स्त्री एका धार्मिक माणसाला सांगते. वरवर ती त्याला अभय देते आहे. खरे तर प्रियकराला चोरून भेटण्याच्या तिच्या जागेकडे त्याने फिरकू नये म्हणून सिंहाची भीती घालते आहे. मात्र गाथांचा अर्थ उलगडून सांगणाऱ्या जुन्या टीकाकारांना छुपा अर्थ शोधण्याची ही खोड इतकी लागली, की साध्या गाथेतही ते चोरटी भेट शोधून काढतात. म्हणून टीका झाकून ठेवावी, आपले उत्तर ठरवावे, आणि मगच ती उघडावी. टीकाकाराशी मतभेद झाला तर खुशाल होऊ द्यावा.

हे चार प्रश्न कसे कामी येतात, ते संग्रहाच्या पाचव्या शतकातील एका गाथेत फार चांगले दिसते. दरिद्री घर आहे आणि घरधनीण गरोदर आहे. तुला कशाचे डोहाळे लागले आहेत, असे तिला विचारले जाते, आणि नवऱ्याचा जीव कासावीस होऊ नये म्हणून ती पुन्हा पुन्हा एकच सांगते: पाणी. येथे प्रेम हा शब्द नाही, आणि घरात सुख म्हणावे असेही काही नाही. आता प्रश्न लावून पाहा. विचारणारे कोण, हे गाथेत स्पष्ट नाही. ते नवऱ्याने विचारले असेल, नाहीतर शेजारणी विचारत असतील आणि तो जवळच बसून ऐकत असेल. दुसरी शक्यता धरली तर गाथा अधिक बोचते, कारण मग तिला चारचौघांत त्याची अब्रूही राखायची आहे. ‘पुन्हा पुन्हा’ या शब्दांवरून कळते की विचारणाऱ्यांना पहिले उत्तर पटलेले नाही. टाळलेली गोष्ट म्हणजे तिला खरोखर हवे असलेले काहीतरी. चिंच असेल, मासे असतील, गोडधोड असेल. ते आपल्याला कधीच कळत नाही आणि बहुधा त्यालाही कळत नाही. वाचणाऱ्यांनी येथे थोडा वेळ थांबावे आणि आपल्या घरात कोणी कोणासाठी अशी ‘पाणी’सारखी उत्तरे दिली आहेत, यावर बोलावे. आमच्याकडच्या बायकांना हे पटकन आठवते, पुरुषांना जरा वेळ लागतो.

सगळ्याच गाथा अशा हळव्या नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. स्वयंपाकघरातल्या काजळीचा हात तोंडाला लागून बायकोचा चेहरा डागाळलेल्या चंद्रासारखा झाला म्हणून नवरा हसतो, अशी खेळकर गाथा आहे. तशीच, मनात पाप असलेल्या दिराला घरची सून भिंतीवर रेखाटलेली लक्ष्मणाची चरित्रे दिवसभर सांगत राहते, अशीही आहे. एकत्र कुटुंबातील धाक, सवतीमत्सर आणि व्यभिचार यांच्या गाथा पुष्कळ आहेत. त्यांना आदर्श वागणुकीचे धडे समजू नये, आणि झाकूनही टाकू नये. घरात शाळकरी मुले असतील तर मात्र निवड आधी करून ठेवावी.

वाचनाबरोबर एक छोटी वही ठेवावी. आठवड्यातून एकदा प्रत्येकाने आपल्या आसपास दिसलेली एक गोष्ट दोन ओळींत लिहावी, आणि त्यात प्रेम, माया, सुख, आनंद यांपैकी एकही शब्द येऊ देऊ नये. ‘रात्रपाळीहून आलेला नवरा बूट हातात धरून पावले न वाजवता घरात येतो, ती जागीच असते, पण दिवा लावत नाही,’ इतकेच पुरे. आपल्या कल्पनेतले न लिहिता पाहिलेलेच लिहावे. सुरुवातीला काही सुचत नाही, कारण आपल्याला भावना सांगण्याची सवय असते आणि पाहण्याची नसते. वही दुसऱ्याला वाचून दाखवायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. विशेषतः नोंद घरातल्याच माणसाविषयी असेल तर.

गाथा लक्षात ठेवण्यासाठी नुसता क्रमांक लिहू नये, सुरुवातीचे शब्दही लिहावेत. आल्ब्रेख्ट वेबर या जर्मन पंडिताने १८७० आणि १८८१ साली संग्रह छापला, तेव्हाच वेगवेगळ्या परंपरांच्या पोथ्यांतील गाथा आणि त्यांचा क्रम जुळत नसल्याचे दिसून आले होते.

राहता राहिली संग्रहाच्या दुसऱ्या शतकातील एक गाथा. सुखदुःख सारखेच वाटून घेत जी जोडपी वाढली आणि ज्यांचे प्रेम काळाने मुरले, त्यांच्यातले जे मरते ते जगते आणि मागे उरते ते मेलेले असते, असा तिचा आशय आहे. संसारसुखावर याहून नेमके काही या संग्रहात मला आढळलेले नाही. पण घरात जोडीदार गमावलेले वडीलधारे माणूस असेल, तर ही गाथा त्यांच्यासमोर आपण होऊन वाचू नये. पुस्तक त्यांच्या हाताशी ठेवावे आणि त्यांनीच विषय काढला तर बोलावे.